'जेट'चे आतले अस्तर : एका संमीलनयंत्राच्या दुरुस्तीची चाळीस वर्षे

इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातील कलहॅम येथे १८ डिसेंबर २०२३ रोजी एका यंत्राने अखेरचा श्वास घेतला. 'जॉइंट युरोपियन टोरस' अर्थात 'जेट' हे त्याचे नाव. यंत्र एकदा पेटवल्यापासून विझेपर्यंतच्या काही सेकंदांच्या अवधीला तेथील तंत्रज्ञ 'पल्स' म्हणतात. मराठीत त्यास स्पंद म्हणता येईल. त्या दिवशीच्या शेवटच्या स्पंदाचा क्रमांक होता १,०५,८४२. जून १९८३ मध्ये पहिला स्पंद झाला, तेव्हापासून चाळीस वर्षे हे यंत्र सूर्याच्या पोटात चालणारी प्रक्रिया पृथ्वीवर घडवण्याचा प्रयत्न करीत होते.

'जेट'च्या विक्रमांच्या बातम्या जगभर छापून आल्या. त्या मानाने यंत्र बंद असतानाच्या काळाची दखल क्वचितच घेतली गेली. वास्तविक, १९८३ मध्ये सुरू झालेले 'जेट' आणि २०२३ मध्ये थांबलेले 'जेट' ही आतून पाहिली तर दोन निराळी यंत्रे होती. बाहेरचा सांगाडा, लोहचुंबकाचा गाभा आणि तांब्याची वेटोळी तीच राहिली. आतले अस्तर मात्र पुन्हापुन्हा उतरवले आणि चढवले गेले. त्यातील बरेचसे काम माणसाने आत पाऊल न टाकता झाले. अणुसंमीलनातून पुढेमागे वीज मिळणार की नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या दुरुस्तीच्या इतिहासात दडलेले आहे.

हायड्रोजनचे दोन जड भाऊबंद, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, यांची केंद्रके एकत्र आली की हेलियमचे केंद्रक तयार होते, एक वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि मोठी ऊर्जा मोकळी होते. यासाठी वायू सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. सूर्याच्या गाभ्याचे तापमान याच्या दशांश आहे. अशा तप्त, विद्युतभारित वायूला प्लाझ्मा म्हणतात. त्याला कोणत्याही धातूचे भांडे पुरत नाही, म्हणून तो चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने मेदूवड्याच्या आकाराच्या निर्वात पोकळीत अधांतरी धरून ठेवतात. या रचनेला 'टोकामाक' हे रशियन नाव आहे. 'जेट' हा चालू असेतोवर जगातील सर्वांत मोठ्या टोकामाकांपैकी एक होता. त्याला लागणारी वीज एकट्या वीजजाळ्यातून घेणे परवडणारे नव्हते. त्यासाठी ७७५ टन वजनाची दोन गतिचक्रे आधी फिरवून ठेवीत आणि स्पंदाच्या क्षणी त्यांचा वेग वीजरूपाने काढून घेत.

'अधांतरी' हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. चुंबकीय पिंजरा कितीही घट्ट विणला तरी त्यातून उष्णता आणि कण झिरपतातच. ते भिंतीवर आदळतात, भिंतीचे अणू उखडतात आणि ते अणू उलट प्लाझ्म्यात शिरून त्याला थंड करतात. कधी प्लाझ्म्याचा तोल एकाएकी सुटतो आणि सहस्रांश सेकंदांत तो कोसळतो. अशा वेळी 'जेट'चे निर्वात पात्र जागच्या जागी काही मिलिमीटर हलल्याच्या नोंदी आहेत. शेकडो टनांच्या यंत्राला एवढा धक्का देणाऱ्या विद्युतचुंबकीय बळाची कल्पना त्यावरून यावी. थोडक्यात, टोकामाकची आतली भिंत झिजण्यासाठीच असते. ती किती झिजते आणि कशी बदलायची, हे खरे प्रश्न आहेत.

कार्बनची सोय आणि गैरसोय

'जेट' उभारताना आतला बराचसा भाग निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचा होता. अनुभव येत गेला तसतशा त्यावर कार्बनच्या टाइल्स बसवण्यात आल्या. कार्बन वितळत नाही, अतितापमानात सरळ वाफेत जातो, आणि त्याचा थोडा अंश प्लाझ्म्यात मिसळला तरी प्लाझ्मा तो सहन करतो. पुढे १९८९ पासून भिंतीवर बेरिलियमचा पातळ थर चढवण्याचे प्रयोगही झाले.

१९९२ ते १९९४ या काळात यंत्र दीर्घकाळ बंद ठेवून त्याच्या तळाशी 'डायव्हर्टर' बसवण्यात आला. प्लाझ्म्याच्या कडेची राख, म्हणजे वापरून झालेला वायू आणि अशुद्धी, एका ठरावीक जागी वळवून पंपाने ओढून घेणारी ही यंत्रणा. स्वयंपाकघरातील मोरीशी तिची तुलना केली तर फारशी चूक होणार नाही. तिच्यासाठी लागणारी चार वेटोळी पात्राच्या कुठल्याही दारातून आत जाण्याइतकी लहान नव्हती. ती पात्राच्या आतच घडवावी लागली. त्या काळात माणसे आत उतरून काम करू शकत होती, म्हणून हे जमले.

ती मुभा १९९७ मध्ये संपली. त्या वर्षी 'जेट'ने ड्युटेरियम-ट्रिटियमचे खरेखुरे मिश्रण वापरून १६.१ मेगावॉट इतकी संमीलनशक्ती क्षणभर निर्माण केली. प्लाझ्म्यात ओतलेली तापनशक्ती होती सुमारे २४ मेगावॉट. हा आकडा पुढे पंचवीस वर्षे भाषणांमधून फिरत राहिला. त्याच प्रयोगमालेने दोन कटू गोष्टीही पदरात टाकल्या, त्यांचा उल्लेख भाषणांत कमी होतो. पहिली अशी की, वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पात्राचा धातूच किरणोत्सर्गी झाला आणि माणसाला आत पाठवणे धोक्याचे ठरले. दुसरी अधिक अनपेक्षित होती. यंत्रात एकंदर सुमारे ३५ ग्रॅम ट्रिटियम सोडण्यात आले होते. कसून साफसफाई केल्यानंतरही त्यातील सुमारे ६ ग्रॅम आतच अडकून राहिले.

त्याला कारण कार्बन. हायड्रोजनकुळातील अणूंशी त्याची जुनी मैत्री आहे. उखडलेला कार्बन ट्रिटियमला घेऊन डायव्हर्टरच्या थंड, आडोशाच्या कोपऱ्यांत जाऊन बसला आणि तेथे त्याची पापुद्र्यांसारखी खपली तयार झाली. ट्रिटियम किरणोत्सर्गी आहे, त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे आणि निसर्गात ते जवळपास मिळत नाही. प्रयोगशाळेत काही ग्रॅम अडकले तर चालून जाईल. भावी वीजकेंद्रात, जेथे हे इंधन सतत फिरते राहायचे आहे, तेथे भिंतच इंधन गिळू लागली तर केंद्र चालणार नाही आणि सुरक्षेचे नियामक ते चालूही देणार नाहीत. ज्या अस्तराच्या बळावर विक्रम झाला, तेच अस्तर पुढच्या वाटेत आडवे आले.

हात बाहेर, स्पर्श आत

किरणोत्सर्गी पात्रात दुरुस्ती कशी करायची, याचा विचार १९७० च्या दशकात आराखडा करतानाच झाला होता, हे 'जेट'च्या रचनाकारांचे श्रेय. पात्राचे आठ समान भाग कल्पिले आहेत. त्यांपैकी समोरासमोरच्या दोन भागांच्या दारांतून सांध्यासांध्यांनी वळणारे लांबलचक यांत्रिक बाहू आत शिरतात. एका बाहूच्या टोकाला 'मॅस्कॉट' नावाचा दोन हातांचा यंत्रमानव असतो, तर दुसरा बाहू त्याला हत्यारे आणि सुटे भाग आणून देतो. गवंड्याला विटा देणारा बिगारी असावा, तशी ही जोडी.

'मॅस्कॉट'ची मूळ कल्पना इटलीतील आणि १९६० च्या दशकातील. तो स्वतःच्या बुद्धीने काही करीत नाही. नियंत्रण कक्षात बसलेला तंत्रज्ञ तशाच दोन यांत्रिक हातांना धरून हालचाल करतो आणि पात्रातील हात ती हुबेहूब उतरवतात. विशेष म्हणजे उलट दिशेनेही निरोप येतो. आतला हात कशाला टेकला, बोल्ट किती घट्ट बसला आहे, टाइल जागेवर सरकताना कुठे अडते आहे, हे बाहेरच्या माणसाच्या हाताला जाणवते. कॅमेऱ्याच्या चित्रावर विसंबून आंधळेपणाने पाना फिरवणे आणि बोल्टाचा प्रतिकार मनगटाला कळणे, यांतील फरक कोणत्याही फिटरला सांगावा लागणार नाही.

या व्यवस्थेची पहिली मोठी परीक्षा १९९८ मध्ये झाली. ट्रिटियम प्रयोगांनंतर डायव्हर्टरची रचना बदलायची होती आणि आत जाण्याची सोय नव्हती. संपूर्ण काम बाहेर बसून करण्यात आले. जुने भाग सुटले, नवे बसले, खपल्यांची भुकटी झाडून शोषून घेतली गेली. एका मोठ्या संमीलनयंत्राचा पोटातला अवयव माणसाचा हात न लागता बदलता येतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले. १६ मेगावॉटच्या विक्रमापेक्षा ही गोष्ट कमी महत्त्वाची मानण्याचे कारण नाही. मात्र यात लखलखाट नसल्याने तिची छायाचित्रे कमी प्रसिद्ध झाली.

८६ हजार भागांची अदलाबदल

तोवर फ्रान्समधील कादाराश येथे 'ईटर' हा याहून कितीतरी मोठा आंतरराष्ट्रीय टोकामाक उभारण्याचे ठरले होते. त्याच्या आतल्या भिंतीसाठी तेव्हा बेरिलियम आणि डायव्हर्टरसाठी टंगस्टन अशी जोडी निवडण्यात येत होती. ही जोडी मोठ्या यंत्रात एकत्र कोणीच वापरून पाहिली नव्हती. ती रंगीत तालीम 'जेट'मध्ये करावी, असा निर्णय झाला.

ऑक्टोबर २००९ मध्ये यंत्र बंद झाले आणि मे २०११ पर्यंत बंदच राहिले. या अवधीत कार्बनचे अस्तर काढून नवे धातूचे अस्तर चढवण्यात आले. बोल्ट, धारक, टाइल्स मिळून सुमारे ८६ हजार लहानमोठे भाग हाताळले गेले आणि त्यांची ने-आण प्रामुख्याने त्या दोन बाहूंनीच केली. प्रत्येक कृतीची आधी संगणकावरील आभासी प्रतिकृतीत आणि खऱ्या मापाच्या नमुन्यावर तालीम होत असे. पात्राच्या भिंती कागदावरील आराखड्याशी तंतोतंत जुळतीलच असे नाही; पंचवीस वर्षे तापून-थंडावून, हिसके खाऊन धातू थोडा सरकलेला असतो. त्यामुळे आधी मोजमाप, मग त्याबरहुकूम भाग घडवणे, मग बसवणे असा क्रम होता. शेजारशेजारच्या दोन टाइल्समध्ये एक कड जरी मिलिमीटरच्या अंशाने वर राहिली, तर प्लाझ्म्यातील उष्णता नेमकी त्या कडेवर येऊन आदळते आणि ती जाळते.

दोन्ही धातूंचे स्वभाव भिन्न आहेत. टंगस्टन ३,४०० अंशांच्या पुढे वितळते, म्हणून सर्वाधिक मारा बसणाऱ्या तळाशी ते योग्य. मात्र त्याचे अणू जड असतात आणि चिमूटभर जरी प्लाझ्म्याच्या गाभ्यात पोहोचले तरी ते उष्णता प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकून प्लाझ्मा विझवतात. बेरिलियम हलके आहे, प्लाझ्म्याला त्याची बाधा कमी. पण ते १,२८७ अंशांनाच वितळते आणि त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास गंभीर, चिवट आजार जडतो. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला किरणोत्सर्गाबरोबर विषाचाही बंदोबस्त करणे आले. उष्णतेने तडकू नयेत म्हणून बेरिलियमच्या टाइल्सच्या पृष्ठभागावर बारीक चौकोनांच्या चिरा पाडलेल्या होत्या. डायव्हर्टरमध्ये सर्वाधिक ताण येणारी ओळ भरीव टंगस्टनच्या पट्ट्यांची आणि बाकीच्या टाइल्स टंगस्टनचा लेप दिलेल्या कार्बनच्या होत्या. खर्च आणि वजन यांचा मेळ घालणारी ती तडजोड होती.

ऑगस्ट २०११ मध्ये नव्या अस्तरासह पहिला प्लाझ्मा पेटला. इंधन गिळण्याची खोड जवळपास सुटली. भिंतीत अडकणाऱ्या वायूचे प्रमाण कार्बनच्या तुलनेत दहापटीहून अधिक घटले. ज्या एका कारणासाठी हा खटाटोप केला होता, ते साधले.

पण प्लाझ्मा बिघडला. कार्बनच्या भिंतीत जी ऊर्जा सहज टिकत असे, ती आता टिकेना. टंगस्टन आत येऊ नये म्हणून कडेने अधिक वायू सोडावा लागे आणि त्या वायूने प्लाझ्म्याची कड थंड पडे. जुने विक्रम गाठणे सोडाच, त्यांच्या आसपास पोहोचण्यासाठी चालकांना यंत्र नव्याने शिकावे लागले. ट्रिटियमचा पुढील प्रयोग लांबणीवर पडत गेला. ज्यांनी विक्रमाच्या यंत्रातून चांगले चाललेले अस्तर काढून टाकले, त्यांना या काळात प्रश्न विचारले गेले असल्यास नवल नाही.

याच दरम्यान एक वेगळा प्रयोग झाला. २०१३ मध्ये टंगस्टनची एक पट्टी मुद्दाम शेजारच्या पट्टीपेक्षा वर ठेवून प्लाझ्म्याच्या माऱ्यात वितळू देण्यात आली. पट्टीची कड वितळली, थेंब सरकले, पण प्लाझ्मा कोसळला नाही. 'ईटर'च्या डायव्हर्टरची सुरुवात टंगस्टननेच करावी, या निर्णयाला त्या वितळलेल्या कडेने बळ दिले.

दहा वर्षांनी आलेले फळ

२१ डिसेंबर २०२१ रोजी धातूच्या अस्तरातील 'जेट'ने पाच सेकंदांत ५९ मेगाज्यूल ऊर्जा दिली. १९९७ मध्ये याच यंत्राने दिलेल्या सुमारे २२ मेगाज्यूलांच्या अडीचपटीहून ती अधिक होती. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी हा आकडा ६९ मेगाज्यूलांवर गेला. त्यासाठी खर्ची पडलेले इंधन होते सुमारे ०.२ मिलिग्रॅम; एवढीच उष्णता मिळवायला अंदाजे दोन किलो कोळसा जाळावा लागतो. घरच्या वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर ६९ मेगाज्यूल म्हणजे १९ युनिटांहून थोडे अधिक. इंधनाच्या दृष्टीने हा चमत्कार आहे आणि विजेच्या दृष्टीने अजून काहीच नाही, कारण प्लाझ्मा तापवण्यासाठी आणि चुंबकांसाठी त्याहून कितीतरी अधिक वीज लागली होती. १९५५ मध्ये जिनिव्हा येथील अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी दोन दशकांत नियंत्रित संमीलन साध्य होईल असे भाकीत केले होते. ते चुकले, यात भाभांचा दोष थोडा. भौतिकीचा अंदाज त्यांना होता. भिंतीचा अंदाज त्या काळी कोणालाच नव्हता.

सुधारणा नेहमी सुखासुखी पार पडत नाहीत, याचे दाखले इतरत्रही आहेत. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील 'एनएसटीएक्स' यंत्राचे मोठे नूतनीकरण झाले आणि २०१६ मध्ये, काम सुरू होऊन काही महिने होताहेत तोच, त्याच्या एका चुंबकीय वेटोळ्याने दगा दिला. जपानमधील नाका येथील 'जेटी-६० एसए' या अतिवाहक टोकामाकमध्ये मार्च २०२१ मध्ये चाचणीदरम्यान एका वेटोळ्याच्या सांध्याचे विद्युतरोधन निकामी झाले. दुरुस्ती होऊन पहिला प्लाझ्मा दिसायला ऑक्टोबर २०२३ उजाडले. उलट फ्रान्सच्या 'तोर सुप्रा'ने कार्बन टाकून टंगस्टन स्वीकारले, 'वेस्ट' असे नवे नाव घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ मिनिटांहून अधिक काळ प्लाझ्मा टिकवून दाखवला. आपल्याकडे गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९८९ पासून चालत आलेल्या 'आदित्य' टोकामाकची पुनर्बांधणी केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये 'आदित्य-यू' या रूपात तो पुन्हा कार्यान्वित केला. आकाराने तो 'जेट'पेक्षा पुष्कळ लहान आहे, तरी त्यालाही डायव्हर्टरच्या प्रयोगांची सोय हवी होती, हे लक्षणीय.

'ईटर'ने मात्र मध्येच मोहरा बदलला. ज्या बेरिलियमसाठी 'जेट'चे पोट दीड वर्ष उघडे ठेवले होते, ते बेरिलियम २०२४ मध्ये मांडलेल्या सुधारित आराखड्यातून वगळण्यात आले आणि आतली भिंतही टंगस्टनची करण्याचे ठरले. बेरिलियमची विषबाधा, त्याचा कमी वितळणबिंदू आणि भावी वीजकेंद्रात ते चालणार नाही ही जाणीव, अशी कारणे त्यामागे आहेत. म्हणून 'जेट'ची तालीम वाया गेली असे म्हणता येईल का? बेरिलियम किती आणि कसे झिजते, वितळते, उडते याची जी नोंद हाती आहे ती बव्हंशी कलहॅमचीच आहे, आणि ते वगळण्याचा निर्णय अनुभवावाचून घ्यावा लागला नाही, हे त्याचे उत्तर.

मोडतोडही अभ्यासासाठी

शेवटच्या काही दिवसांत 'जेट'च्या चालकांनी चाळीस वर्षे कटाक्षाने टाळलेली गोष्ट केली. प्लाझ्म्यातून सुटलेल्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत हेतुपुरस्सर आतल्या भिंतीवर सोडण्यात आला. अशा झोताने टाइल्स कशा भोसकल्या जातात हे पाहायचे होते आणि यंत्र पुन्हा वापरायचे नसल्याने आता नुकसानीची भीती उरली नव्हती.

त्यानंतर तेच यांत्रिक बाहू पुन्हा आत गेले. या वेळी त्यांच्या हाती लेसरचे उपकरण होते. भिंतीवर शेकडो ठिकाणी लेसरचे सूक्ष्म फटके देऊन उडणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटावरून कुठे किती इंधन मुरले आहे हे नोंदवण्यात आले, आणि निवडक टाइल्स सोडवून प्रयोगशाळेत तपासणीसाठी बाहेर काढण्यात आल्या. भागांत मुरलेले ट्रिटियम काढून घेणे, बेरिलियमची धूळ आवरणे, पात्राचे तुकडे करणे ही कामे त्यापुढची आहेत. यंत्र पूर्णपणे उतरवून जागा मोकळी होण्यास साधारण २०४० साल उजाडेल, असा ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाचा अंदाज आहे.